'डिमांड' म्हणजे दरवेळी 'झोंदाच' नव्हे
पोलिश भाषेत इंग्रजी 'डिमांड'ला सरसकट 'झोंदाच' हे क्रियापद वापरा, अशी सूचना कुणी दिली तर ती धोक्याची आहे. त्या क्रियापदात दरडावणी आहे. खंडणीला किंवा कोर्टातल्या दाव्याला ते शोभतं. हक्काने, लावून धरून मागायचं तर 'दोमागाच शे'. काम चिकाटी मागतं, तिथे 'विमागाच'. बाजारातली मागणी 'पोपित', थकबाकीची नोटीस 'वेझ्वान्ये दो झाप्वाती'. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या १९८० च्या कामगार संपातल्या २१ मागण्या मात्र 'पोस्तुलाती' म्हणूनच ओळखल्या जातात.

खरी गोची विभक्तीची. वरच्या तिन्ही क्रियापदांसोबत मागितलेली गोष्ट षष्ठीत येते. इंग्रजीच्या सवयीने लोक द्वितीया ठोकतात. उत्तर मागताना 'झोंदाम ओद्पोव्येजी', 'ओद्पोव्येच' नाही. ज्याच्याकडे मागायचं त्याच्याआधी 'ओद', आणि तोही षष्ठीतच. मागणी एकदा करून झाली असेल तर 'झाझोंदाच'.