शोफारला ‘रणशिंग’ म्हणावं का?

अनुवादक:
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतेय आणि तीन दिवस एकाच परिच्छेदाशी झटतेय. लेख अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांबद्दल आहे (बायबलचा शब्द प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट). त्यांच्यातले काही जण हल्ली ज्यूंच्या चालीरीती पाळतात. प्रार्थनेला तालित पांघरतात (पट्ट्यांची शाल, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेल्या दोऱ्या), वल्हांडणाचं (ज्यूंच्या पासओव्हर सणाचं) सेडर-जेवण चर्चच्या हॉलमध्ये मांडतात आणि मेंढ्याचं शिंग फुंकतात. त्या शिंगाचं नाव शोफार.

घोडं अडलंय ते इथे. जानेवारी २०२२मध्ये डग मास्ट्रियानो यांनी पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली, त्या सभेत शोफार फुंकला गेला. मी झटकन लिहून मोकळी झाले: ‘मास्ट्रियानोंनी निवडणुकीचं रणशिंग फुंकलं.’ मग लक्षात आलं, वाचक म्हणणार, बरं, प्रचार सुरू झाला. खरोखरचं शिंग होतं हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी इतकी रणशिंगं फुंकलीत की त्यातला मेंढा कधीच मेला.

शिवाय ‘ज्युडायझिंग’ला, म्हणजे ख्रिश्चनांनी ज्यूंच्या रीती घेण्याला, काय म्हणायचं? ‘यहूदीकरण’ लिहिलं तर कुणीतरी कुणाला तरी बाटवतंय असं वाटतं. आणि लेखात ‘लॉयल्टी’ पानोपानी आहे. सगळीकडे ‘निष्ठा’ चालेल का?

ठाणेकर:
आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी बेने इस्राएल आहेत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. त्या वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जानेवारीत?”

शोफारला महिना असतो. ज्यू पंचांगातल्या एलुल महिन्यात, मग रोश हशाना म्हणजे नव्या वर्षाला, आणि योम किप्पूरचा उपास सुटताना. “शिमग्याला गणपतीची आरती म्हणतं का कोणी?” हे त्यांचं.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तर फुंकतच नाहीत. २०२०मध्ये रोश हशानाचा पहिला दिवस नेमका शनिवारी आला, १९ सप्टेंबरला. परंपरा पाळणाऱ्या सिनेगॉगांत (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत) त्या दिवशी शोफार गप्प होता. त्याच वर्षी १२ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये ‘जेरिको मार्च’ झाला. बायबलमध्ये शिंगांच्या नादाने यरीहोच्या (म्हणजे जेरिकोच्या) भिंती पडल्या, तसा ट्रम्प हरल्याचा निवडणुकीचा निकाल पाडायचा म्हणून माणसं शोफार घेऊन आली होती. वार शनिवार.

हे सांगितल्यावर मावशींनी वाटाणे बाजूला ठेवले.

नगरकर:
ताई, ‘रणशिंग’ हे काही तुमच्या एकटीचं पाप नाही. मी मराठी ख्रिस्ती, घरात आजोबांच्या काळचं बायबल आहे. यरीहोभोवती फिरणारे याजक त्यात रणशिंगंच फुंकतात. दुसरा शब्द आहे ‘कर्णा’. यरीहोची गोष्ट लढाईची, तिथे रणशिंग शोभतं. पण नव्या वर्षाच्या, पश्चात्तापाच्या शिंगाला तोच शब्द लावला की प्रार्थनेत फौज घुसते.

बाकी जुन्या भाषांतरकारांनी शब्द काय घडवलेत! ‘वल्हांडण’ घ्या. वलांडणे, ओलांडणे. दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त दिसलं की मृत्यू ते घर ओलांडून पुढे जायचा, म्हणून वल्हांडण. सुक्कोत म्हणजे ‘मंडपांचा सण’. जेरुसलेममध्ये १९८०मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल ख्रिश्चन एम्बसी हा सण दर वर्षी थाटात करते, देशोदेशीचे ख्रिस्ती जमतात. नाव ‘एम्बसी’ का, तर त्याच वर्षी इस्रायलने अख्खं जेरुसलेम आपली राजधानी ठरवणारा कायदा केला आणि तिथल्या देशोदेशीच्या वकिलाती शहर सोडून गेल्या. त्यांच्या जागी आम्ही, असा तो पवित्रा. सण आणि परराष्ट्र धोरण एकाच मंडपात.

आता ‘ज्युडायझिंग’. मूळ ग्रीक क्रियापद बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं, अध्याय २, वचन १४. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून माणसं आली तसा तो अंग चोरून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला खडसावलं: तू यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा वागतोस, मग परराष्ट्रीयांना यहूद्यांसारखं वागायला का लावतोस? म्हणजे भांडण पंगतीचं होतं. मराठी माणसाला ते वेगळं समजावायला नको. आणि ‘परराष्ट्रीय’ हा शब्दही बघा. मुळात अर्थ एवढाच की यहूदी नसलेला. आज वाचताना मात्र पासपोर्टचा वास येतो.

पुढे चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने नियम केले: ख्रिस्ती माणसाने शनिवारी काम बंद ठेवू नये, ज्यूंकडून बेखमीर (न आंबवलेली) भाकर घेऊ नये. इ.स. ३८६-८७मध्ये अंत्युखियातच योहान ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने आठ प्रवचनं ठोकली, कारण त्याच्या मंडळीतले लोक शिंगांचा सण बघायला सिनेगॉगात जायचे. भाषा इतकी विखारी की पुढे ज्यूद्वेष्ट्यांनी ती शतकानुशतकं वापरली. ‘यहूदीकरण’ ही त्या काळातली शिवी आहे. आज आपखुशीने शाल घेणाऱ्याला ती कशी लावणार?

औंधकर:
थोडं आडवं बोलतो. आमच्या पुण्यातल्या औंधात त्यांच्या स्पायसर कॉलेजमुळे ॲडव्हेंटिस्ट मंडळी दिसतात. पक्के ख्रिस्ती, पण शब्बाथ शनिवारी, डुक्कर वर्ज्य. शोफार नाही, तालित नाही. रीत घेतली की झेंडा मागे येतोच असं नाही.

रशियात ‘सुबोत्निक’ म्हणून पंथ होता, शेतकरी ख्रिस्ती, शनिवार पाळू लागले आणि नाव पडलं शनिवारवाले. कोकणात बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. कुठे रशिया, कुठे अलिबाग, लोकांनी ओळखलं ते सुट्टीच्या वारावरून.

ठाणेकर:
शनवार तेल्यांचा विषय निघालाच आहे तर. बेने इस्राएलांकडे शतकानुशतकं हिब्रू पोथी नव्हती, रीत होती. सणांची नावंही मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वल्हांडणाला ‘अनशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचं. आंबवलेलं का चालत नाही हे विसरलं, भांडं मात्र झाकलं जात राहिलं. जुना करार हातात दिला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. जॉन विल्सनने १८३२मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. मनात धर्मांतर होतं, झालं उलटं. वाचायला शिकून ही मंडळी अधिक पक्की ज्यू झाली. पुण्यात १८७४मध्ये छापलेल्या मराठी हगादामध्ये (सेडरला वाचायच्या पोथीमध्ये) बायका नऊवारी नेसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत.

(अवांतर: सिनेगॉगला मराठी बायबल ‘सभास्थान’ म्हणतं, मावशी ‘मशीद’ म्हणतात आणि पुणेकर ‘लाल देऊळ’. बसा आता शुद्ध शब्द शोधत.)

डॅलसवासी:
मी तिथेच राहतो म्हणून लिहितो. ‘नक्कल’, ‘सोंग’ असले शब्द कृपया नकोत. शेजारचं जोडपं दर वर्षी सेडरला बोलावतं. काका मात्झा, म्हणजे ती बेखमीर भाकर, दिव्यासमोर धरतात, त्यातली भोकं आणि भाजल्याच्या रेघा दाखवतात: हे खिळे, हे फटके. डोळ्यांत पाणी असतं. येशू यहूदी होता, त्याचं शेवटचं जेवण आपण जेवून पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे ऑफिसातल्या ज्यू मित्राला कौतुकाने सांगितलं. तो जरा वेळाने म्हणाला, “सेडरचं आजचं रूप जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतरचं, इ.स. ७०नंतरचं. येशू हे जेवला नाही. आणि माझी पणजी ईस्टरच्या आठवड्यात खिडक्या लावून सेडर करायची, शेजारचे ख्रिश्चन येतील या भीतीने.” मला पुढे बोलायला सुचलं नाही.

जेवणानंतर काका इस्रायलसाठी प्रार्थना करतात. वचन ठरलेलं, उत्पत्ती १२:३: तुला जे आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन. मग विषय मतदानाचा. टेक्ससचेच पाद्री जॉन हेगी यांनी २००६मध्ये ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ काढली ती याच वचनावर. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१३च्या पाहणीत इस्रायलची भूमी देवाने ज्यूंना दिली असं मानणारे गोरे इव्हँजेलिकल ८२ टक्के होते, ज्यू ४०. राजकारण्यांना हे गणित तोंडपाठ. जेरुसलेमला अमेरिकेचा दूतावास हलवला तो इव्हँजेलिकलांसाठी, असं ट्रम्प २०२०मध्ये विस्कॉन्सिनच्या सभेत उघडच बोलले.

अनुवादक:
तुमच्या मित्राच्या पणजीपाशी मी बराच वेळ थांबले. ‘नक्कल’ खोडलं. ‘उसनवारी’ लिहून पाहिलं, पण उसनं मागून घेतात आणि परत करतात. इथे कोणी मागितलंही नाही. ‘यहूदी रीत उचलणे’ ठेवतेय. उचलणे म्हणजे आवडीने शिकणेही आणि न विचारता घेणेही. दोन्ही अर्थ मला हवेत.

‘लॉयल्टी’चं वाक्य असं आहे. २० ऑगस्ट २०१९ला ट्रम्प म्हणाले की डेमोक्रॅटांना मत देणारे ज्यू एक तर अडाणी किंवा ‘डिसलॉयल’. दुसऱ्या दिवशी खुलासा केला: ज्यू लोकांशी आणि इस्रायलशी.

नगरकर:
मग तिथे ‘निष्ठा’ नको, ‘इमान’ घ्या. व्याकरणच सांगतं. निष्ठा कोणावर असते, इमान कोणाशी असतं. निष्ठा एकतर्फी चालते, समोरच्याला पत्ताही नसेल. इमानात मीठ खाल्लेलं असतं, म्हणून ‘बेइमान’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कोणाचं मीठ? १८९४मध्ये फ्रान्सने आपल्याच लष्करातल्या ड्रेफस या अधिकाऱ्याला पकडलं ते तो ज्यू असल्यामुळे देशाशी बेइमान असणार, या संशयाच्या हवेत. इथे अमेरिकेत जन्मलेला ज्यू अमेरिकेतल्या निवडणुकीत मत देतोय आणि बेइमान ठरतोय परदेशाशी. आरोप तोच, बाजू पालटलेली.

‘निष्ठा’ शब्दाची आपल्याकडे २०२२पासून जी दशा झालीय ती वेगळीच. ‘निष्ठावंत’ वाचलं की आधी कुठला गट हे विचारावं लागतं.

आणखी एक. इमान अरबी, तिथे अर्थ धर्मश्रद्धा. हिब्रूतलं ‘आमेन’ त्याच धातूचं, अलिफ-मीम-नून, भक्कम असणे. आपण रविवारी आमेन म्हणतो आणि सोमवारी इमानाने नोकरी करतो, शब्द एकाच घरातले.

अनुवादक:
वा. मग असं: शोफार शोफारच राहील, पहिल्यांदा येईल तिथे ‘मेंढ्याचं शिंग’ म्हणून खुलासा. रोश हशानाच्या उल्लेखात रणशिंग अजिबात नाही. मास्ट्रियानोंच्या वाक्यात मात्र मुद्दाम ठेवतेय: ‘मास्ट्रियानोंच्या सभेत निवडणुकीचं रणशिंग फुंकलं गेलं, आणि ते खरोखर मेंढ्याचं शिंग होतं.’ इव्हँजेलिकलांची ती ‘निष्ठा’, ट्रम्प यांच्या तोंडी ‘बेइमान’.

ठाणेकर:
मावशींना वाचून दाखवलं. वाक्य आवडलं. मग विचारलं, “निवडून कोण आलं?”

जोश शापिरो, म्हटलं. ज्यू आहे. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला घरी असतो, असं प्रचारात सांगायचा.

“त्याच्या सभेत शिंग नव्हतं ना?” म्हणाल्या, आणि वाटाण्यांची सालं गोळा करायला लागल्या.