सर्टिफिकेट दोन, पण डिस्क का भरली ते सांगता येईना

जुना_टर्मिनल: काल इथे कुणी लिहिलं, 'सिस्टीम अ‍ॅडमिन व्हायला लिनक्स खोलात शिकायची गरज नाही, तीन महिन्यांचा क्लाउडचा क्लास पुरे.' डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगा लागला, सर्टिफिकेटं दोन. सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली. त्याने ४० जीबीची लॉग (नोंदींची) फाइल उडवली, तरी डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड १००च दाखवतेय. घामाघूम होऊन म्हणाला, 'सर, डिस्क खराब झालीय.' अरे, जावाच्या प्रोसेसने ती फाइल उघडी धरून ठेवली होती, तोवर जागा सुटणार कशी! कुणी कोणती फाइल उघडी धरलीय ते दाखवणारं एलएसओएफ लावलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा मोकळी. क्लासमध्ये हे कुणी दाखवलंच नव्हतं. डम्प, म्हणजे परीक्षेचे फुटलेले प्रश्न, मात्र तोंडपाठ.

क्लाउडवाला_ठाणे: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. आता सर्व्हर बिघडला की काढून टाकतात आणि नवा उभा करतात. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीनेही २०१९ मध्ये आपली आरएचसीई ही इंजिनिअरची परीक्षा अ‍ॅन्सिबलवर, म्हणजे सर्व्हरची कामं आपोआप करणाऱ्या साधनावर, नेली. ते काय मूर्ख आहेत?

जुना_टर्मिनल: आरएचसीई मिळवायला आधी आरएचसीएसए हे लिनक्स अॅडमिनचं सर्टिफिकेट लागतं, आणि दोन्ही परीक्षा मशीनवर काम करून द्यायच्या असतात. ते सोयीस्कर विसरलात. नवा सर्व्हर उभा केलात तरी तेच अ‍ॅप्लिकेशन तोच लॉग पुन्हा भरणार.

फळा_आणि_केबल: मी शिकवते, म्हणून बोलते. कोर्स ४५ दिवसांत उरकायचा आणि पालकांचा पहिला प्रश्न प्लेसमेंटचा. एसई-लिनक्स या लिनक्सच्या सुरक्षेच्या भागाला दोन दिवस मागितले, तर मालक म्हणाले, 'बंद कसं करायचं तेवढं दाखवा, पुढे चला.' मी दाखवलं. आजही टोचतं.

रात्रपाळी: क्लासला किती बडवणार? पुण्यात तीन वर्षं एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर, काढली. रूट, म्हणजे सर्व्हरवर काहीही करता येईल असा, अ‍ॅक्सेस एक दिवस मिळाला नाही. अलर्ट आला की एसओपी, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांची यादी, उघडा, त्यात नसेल तर तिकीट (तक्रारीची नोंद) वरच्या एल-टूकडे ढकला. पहाटे साडेतीनला विचारलं, 'सर, काय केलंत ते बघू का?' उत्तर आलं, 'तू तिकीट बंद कर.' वर दोन वर्षांचा बाँड. शिकायचं कुठे?

क्लाउडवाला_ठाणे: बरोब्बर! हेच सीनियर मग इथे येऊन रडतात.

जुना_टर्मिनल: तोंड सांभाळून. नवख्याच्या हाती प्रॉडक्शनचं, म्हणजे खऱ्या चालू सर्व्हरचं, रूट द्यायचं? डेटा गेला तर फोन कुणाला येतो?

रात्रपाळी: डेटा नवखेच घालवतात का? २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या अनुभवी माणसाने भलत्याच सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. नेहमीचे बॅकअप पाहिले, तर तेही चालत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

फळा_आणि_केबल: आणि त्यांनी ते सगळं जगासमोर मांडलं. मी वर्गात तेच शिकवते. बॅकअप घेणं सगळ्यांना येतं, त्यातून डेटा परत आणून, म्हणजे रिस्टोअर करून, पाहिलेला एकही विद्यार्थी अजून माझ्याकडे आलेला नाही.

क्लाउडवाला_ठाणे: रिस्टोअरचं मान्य. आमच्या क्लासमध्येही ते नव्हतं. बाकी मत तेच.

रात्रपाळी: सर, 'शिकायचं कुठे' याचं उत्तर राहिलं. त्या मुलाला एलएसओएफ स्वतः चालवू दिलंत का?

जुना_टर्मिनल: नाही. कीबोर्ड मीच ओढून घेतला होता. सोमवारी त्याला टेस्ट सर्व्हरचं रूट देतो. प्रॉडक्शनचं नाही.