संगणकावरची सॉफ्टवेअरं: कुठे हात बसला, कुठे डोकं फिरलं?

मोगरा_फुलेना
काल दुपारी बाबांचा फोन. "अगं, हा नवा कॉम्प्युटर बिघडलाय. कोपऱ्यात काहीच नाही." काय नाही, तर स्टार्टचं बटण. भाऊ नवीन मशीन देऊन गेला, विंडोज ११ वालं, त्यात ते बटण खाली मधोमध. बाबांना ते दिसत होतं, तो प्रश्नच नव्हता. पण सोसायटीच्या हिशोबाला बसले की त्यांचा हात न बघता डाव्या कोपऱ्यात जातो आणि तिथे नुसती पट्टी. फोनवरूनच सांगितलं: खालच्या रिकाम्या पट्टीवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, तिथे बिहेवियर्स, त्यात अलाइनमेंट लेफ्ट. झालं. "मग आधीपासून तिकडेच का नाही ठेवलं?" आता काय सांगू!

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा तर ते बटणच गायब केलं होतं. आमच्या ऑफिसात एकाने मॉनिटरच्या कोपऱ्याला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, 'माऊस इथे आणून थांबा'. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, तरी चिठ्ठी कुणी काढली नाही.

माझं म्हणणं एवढंच की रोजच्या वापरणाऱ्याच्या हाताला जी जागा पाठ झालीय ती हलवायची तर तसंच कारण हवं. छान दिसतं हे कारण नाही. तुमचेही अनुभव लिहा. शिव्या चालतील, सौम्य.

आडत्या
टॅली, हिशोबाचं सॉफ्टवेअर. बास, माझं मत संपलं.
नाही, लिहितोच. मार्केट यार्डात सकाळी गाडी लागली की आमचे दिवाणजी एका कानाला फोन लावून एंट्री मारतात. एफ८ विक्री, एफ५ पेमेंट, एफ६ जमा. मधेच नवीन गिऱ्हाईक निघालं तर व्हाउचर न सोडता आल्ट सी, खातं उघडलं, परत तिथेच. शेवटी कंट्रोल ए. माऊस बंद पडून किती दिवस झाले ते त्यांना ठाऊकच नव्हतं, माझ्या मुलाला कळलं. २०२० मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली तेव्हा काही कळा बदलल्या, पण एफ४ ते एफ९ ला हात लावला नाही. ज्याने हे ठरवलं त्याला आमच्याकडून एक पेटी हापूस.

तिरकस
पेटी इकडे पाठवा, मी पोचवतो.

खारी_बिस्कीट
तो क्लिप्पी आठवतो का कुणाला? मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली डोळे मिचकावणारी पेपरक्लिप. 'डिअर सर' लिहायचा अवकाश की हजर, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का म्हणून. आमच्या संस्थेच्या लॅबमध्ये पोरं मुद्दाम पुन्हापुन्हा 'डिअर' लिहायची.

मोगरा_फुलेना
खारी 😀😀 २००१ च्या ऑफिस एक्सपीत तो आपसूक यायचा बंद झाला, आणि गंमत म्हणजे कंपनीने जाहिरातीत स्वतःच त्याची टिंगल केली होती.

पान_लावणारा
डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारे, आहात का कुणी? आम्ही त्यासाठीच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरवर वाढलो. शेवटची आवृत्ती ७, २००१ ची, आणि आमच्या गल्लीत अजून दोन प्रेसमध्ये ती चालू आहे. अन्डू एकदाच! दुसऱ्यांदा कंट्रोल झेड दाबलं की आधीचा अन्डू रद्द. त्यामुळे चौकट हलवण्याआधी कंट्रोल एस, हलवल्यावर कंट्रोल एस. बोटं आजही मोबाईलवर सेव्ह शोधतात.
पण एक चीज होती. शिफ्ट दाबून धरून रिव्हर्ट केलं की फाईल पूर्ण मागे न जाता मिनी-सेव्हपर्यंतच जायची, म्हणजे तुम्ही पान बदललं तेव्हा त्याने गुपचूप जे जपून ठेवलं असेल तिथपर्यंत. दिवाळी अंकाच्या रात्री याने किती जणांच्या नोकऱ्या वाचल्या असतील! आणि हे मेनूत कुठेही लिहिलेलं नव्हतं. उस्ताद सांगेल तेव्हा कळायचं. चांगली सोय अशी लपवून ठेवणं हा काय प्रकार आहे, मला आजतागायत समजलेलं नाही.
मराठी फॉन्टांचं रामायण वेगळंच. गिऱ्हाईक एका फॉन्टात मॅटर आणणार, आपल्याकडे दुसरा, पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' च्या जागी डॉलर आणि कंस. युनिकोड आलं, कुठल्याही फॉन्टात अक्षराचा संकेत एकच, म्हणून सुटलो.

ताक_घुसळणारी
बँकेत काउंटरला आहे, नाव नको. आमच्याकडच्या एका फॉर्ममध्ये खाते क्रमांक भरून टॅब दाबला की कर्सर रकमेवर जायच्याऐवजी वर तारखेवर उडी मारतो. तिथून परत टॅब टॅब टॅब. समोर पेन्शनची रांग. काका विचारतात, "बाई, मशीन हळू आहे का?" मशीन हळू नाहीये हो, ज्याने हे केलं त्याला काउंटरला बसवा एकदा एक तारखेला. आधीची काळी स्क्रीन दिसायला भिकार होती पण हात थांबत नसे.
जेवायची सुट्टी संपली, येते.

सुरवंट
+१ ताक ताई. आमच्याकडे तर प्रत्येक गोष्टीला 'तुम्हाला खात्री आहे का?' इतक्या वेळा की लोक न वाचता ओके ठोकतात. मग खरोखर धोक्याची सूचना येते तीही ठोकली जाते.

खडू_फळा
शाळेत माहिती भरायचं काम माझ्याकडे. एक्सेलमध्ये आधार क्रमांक टाकला की त्याचं ४.५६ई+११ असं काहीतरी होतं. आकडे अकराच्या वर गेले की हे सुरू. आणि खाते क्रमांक सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा चक्क शून्य होतो, कारण पंधराच आकडे तो खरे धरतो. उपाय: आधी कॉलम टेक्स्ट करा, नाहीतर आकड्याआधी एकेरी अवतरण. नवीन शिक्षकांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, मस्टर नंतर.

र्‍हाईनकाठी
खडू ताई, तुम्ही एकट्या नाही. जनुकांची नावं असायची मार्च१, सेप्ट२ अशी. एक्सेल त्यांच्या तारखा करून मोकळं. शोधनिबंधांच्या तक्त्यांमध्ये या तारखा छापून आल्यात. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट१ चं सेप्टिन१, मार्च१ चं मार्चएफ१. माझ्या लॅबमधली जर्मन बाई म्हणते, सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा माणसाचं जनुक बदलणं सोपं.

तिरकस
आमच्या सासूबाईंपुढे दोन्ही अवघड.

कानसेन
मला दिसत नाही. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरवर ऐकून काम करतो, फुकट आहे, दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं. मराठीही वाचतो, आवाज जरा रोबोसारखा. तुम्हा लोकांना बटण हललं की त्रास होतो. मला नाव नसलेल्या बटणाचा. खिडकी उघडली की कानात 'बटण. बटण. बटण. बटण.' यातलं सेव्ह कुठलं आणि डिलीट कुठलं? बटणाचं चित्र काढणाऱ्याने मागे दोन शब्द लिहायचे असतात, तेवढेच राहतात. वर आडत्या म्हणाले तसं सगळं कीबोर्डवर असेल तर मी डोळसांच्या बरोबरीने काम करतो. एकदा शर्यत लावा तुमच्या दिवाणजींशी.

आडत्या
कानसेनराव, या कधीही. दिवाणजींना सांगितलं, ते हातावर हात चोळतायत.

मोगरा_फुलेना
कानसेन, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लिहिलंत, बरं केलंत.

खारी_बिस्कीट
अवांतर: 'सुऱ्या' मधला तो ऱ्या कॉम्प्युटरवर कसा काढायचा? मी दरवेळी कुठूनतरी कॉपी करते.

पान_लावणारा
इनस्क्रिप्ट कीबोर्ड (देवनागरीची ठरलेली कळमांडणी) असेल तर शिफ्ट जे, मग डी, मग य म्हणजे तिरक्या रेघेची कळ, शेवटी काना म्हणजे ई. ज्ञ शिफ्ट ५ वर, क्ष शिफ्ट ७ वर. आठवडाभर सराव करा, पुढे बोटं बघून घेतात.

खारी_बिस्कीट
ऱ्या ऱ्या ऱ्या. आले!! धन्यवाद.

सुरवंट
पान दादा, आता तुम्ही आहातच तर, पाठपोट छापलं की मागचं पान उलटं येतं. मुलीचा प्रोजेक्ट आहे, उद्या द्यायचाय.

पान_लावणारा
पान आडवं आहे का?

सुरवंट
हो.

पान_लावणारा
मग प्रिंटच्या खिडकीत लाँग एज आहे ते शॉर्ट एज करा. आधी एकच कागद काढून बघा.