मदत हवी आहे: मावशीच्या स्तनातली गाठ लिम्फोमाची निघाली

नमस्कार मंडळी. मावशीच्या (वय ६१) स्तनातली गाठ आम्ही नेहमीचा स्तनाचा कर्करोगच धरून चाललो होतो. बायोप्सी आणि आयएचसीत (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) निघाला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग. पेट-सीटी स्कॅनमध्ये तो स्तन आणि काखेपुरताच दिसतोय.

डॉक्टर म्हणतात, यात स्तन काढून फायदा नाही. आर-चॉप या केमोथेरपीच्या ६ सायकल, नंतर रेडिएशन. आम्हाला पटलं, पण घरची मोठी माणसं ‘आधी गाठ काढा’वर अडून आहेत, त्यांना कोण समजावणार!

खरी धास्ती वेगळीच. हा प्रकार पुढे मेंदूत उलटू शकतो, म्हणून तो टाळायला मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा विषय निघालाय. कुणाच्या घरी ते दिलंय का? साठीनंतर किडनीला झेपलं का? आणि परळला टाटात दुसऱ्या मतासाठी जाताना बायोप्सीच्या स्लाइडबरोबर ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) न्यावे लागतात का?