पाळीव भाऊबंदांचा धोका कोणाला जास्त: गव्याला की तांबड्या रानकोंबड्याला?

खुरखूण: दोघांचेही सोयरे गोठ्यात नि खुराड्यात, पण फटका गव्याला मोठा. 1968 मध्ये तमिळनाडू-कर्नाटक सीमेवरच्या मुदुमलाई-बंडीपूर पट्ट्यात बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाने, गव्यांचा फडशा पाडला. बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेली, लाळ्या खुरकूत मात्र आहेच. जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, मग सात-आठशे किलोचं धूड लंगडत राहतं, तोंडात घास घेववत नाही. गवी एका वेताला एकच वासरू देते, तेही नऊ महिन्यांनी. कळप भरून यायचा कधी?

पिसारा: मेलेला गवा निदान दिसतो. रानकोंबड्याचं नुकसान आरवत हिंडतं! रानाच्या कडेला गावठी कोंबड्याशी जोडी जमली की पिल्लं धडधाकट निपजतात, पुढे त्यांनाही पिल्लं होत राहतात.

विणीनंतर नर नीट बघा. अस्सल असेल तर मानेवरची लांब सोनेरी पिसं गळून आखूड काळपट पिसं येतात, तुराही आक्रसतो. संकरात हा बदल बहुधा अर्धवट होतो किंवा होतच नाही. मादीला तुरा जवळजवळ नसतोच. ठसठशीत दिसला की शंका घ्या. पाय पिवळे असतील तरी तेच, अस्सल पाय पाटीसारखे करडे. बांगेचा शेवटही तोडल्यासारखा हवा, गावठीसारखा लांबवलेला नाही.

खुरखूण: संकर गव्यातही होतो की. शिवाय आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गवा 'असुरक्षित' आहे, तुमचा कोंबडा 'किमान चिंता'त.

पाणवठा: गव्याची गुणसूत्रं 58, गाईची 60. संकरित नर सहसा वांझ निघतो, म्हणजे तिथे थोडा तरी बांध आहे. कोंबड्यात तोही नाही. आणि यादी डोकी मोजते, रक्त नाही.

गव्याच्या रोगावर इलाज आहे: भोवतालच्या गुरांना लस. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. लस 2 ते 8 अंशांतच ठेवायची, गोठली तरी वाया. चुकतं ते नेमकं इथे: दुभती जनावरं टोचली जातात, भाकड आणि मोकाट राहतात, आणि रानात चरायला जातात तीच. पाणवठे आटायच्या महिनाभर आधी हे उरकायला हवं, कारण नंतर गुरं आणि गवे एकाच डबक्यावर येतात.

खुरखूण: भाकड गुरांचं मान्य. पण मोकाट जनावर धरून दर सहा महिन्यांनी टोचणार कोण? खुराडं संध्याकाळी बंद करणं त्याहून कितीतरी सोपं.

पिसारा: संध्याकाळी बंद करून काय उपयोग? कोंबडी दिवसा चरते, जोडीही दिवसाच जमते.