प्रॉडक्शनमध्ये राहून गेलेल्या चाचणीच्या चेंज नोंदी डिलीट कराव्यात का?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे सर्व्हिसनाऊवर (आयटी विभागाच्या कामाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) चेंज मॅनेजमेंट, म्हणजे यंत्रणांतील बदलांची नोंद आणि मंजुरी, सुरू झाले तेव्हा प्रशिक्षण आणि पडताळणी थेट प्रॉडक्शन इन्स्टन्सवरच (रोजच्या खऱ्या कामाच्या प्रणालीवरच) उरकण्यात आली. तेव्हाच्या चेंज रिक्वेस्ट (बदलाच्या मागणीच्या नोंदी) अजून तशाच पडून आहेत. काही ‘न्यू’मध्ये अडकल्या आहेत, काही ‘शेड्यूल्ड’मध्ये, तर काही ‘क्लोज्ड’पर्यंत नेऊन यशस्वी म्हणून बंद केलेल्या आहेत. त्यामुळे मासिक अहवालातील यशस्वी बदलांचे प्रमाण फुगते. शिवाय शेड्यूल्ड नोंदींपैकी काहींना खरे सर्व्हर जोडलेले आहेत आणि त्यांची नियोजित अखेरची तारीख पुढच्या वर्षीची आहे, त्यामुळे त्या सर्व्हरवरील खऱ्या बदलांना विनाकारण कॉन्फ्लिक्टचा (एकाच वेळी दोन बदल येत असल्याचा) इशारा येतो. ‘शॉर्ट डिस्क्रिप्शन’मध्ये ‘टेस्ट’ हा शब्द असलेल्या सगळ्या नोंदी बॅकग्राउंड स्क्रिप्टने (ॲडमिन थेट प्रणालीवर चालवतो त्या कोडने) एकदम डिलीट कराव्यात, असे आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे आहे. माझ्याकडे ॲडमिन रोल असल्यामुळे परवानगीची अडचण नाही. पण ऑडिटच्या दृष्टीने हे योग्य ठरेल का, आणि करायचेच झाले तर कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर १

कृपया त्या एका शब्दावर फिल्टर लावून काहीही डिलीट करू नका. ‘डीआर (आपत्तीनंतर यंत्रणा पुन्हा सुरू करण्याच्या) टेस्टसाठी फायरवॉलचा नियम बदलणे’ किंवा ‘लोड टेस्ट सर्व्हरची मेमरी वाढवणे’ हे पूर्णपणे खरे बदल आहेत, आणि ते या फिल्टरमध्ये हमखास सापडतील. उलट प्रशिक्षणाच्या वेळी कोणी नुसते ‘एबीसी’ असे लिहून ठेवले असेल, तर ती नोंद फिल्टरमधून सुटेल. यादी नोंद उघडून, माणसाने वाचूनच करावी लागेल.

ऑडिटबद्दल सांगायचे तर, आपली कंपनी किंवा तिची मूळ कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ४०४ खालील तपासणीत लेखापरीक्षक वर्षभरातील सगळ्या बदलांची यादी मागतात आणि तीतून नमुने निवडतात. ही यादी पूर्ण आहे याची खात्री पटल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. चेंजचे क्रमांक ओळीने दिलेले असतात. मधलेच क्रमांक गायब दिसले, की ते कोणी, का आणि कोणाच्या संमतीने काढले हा प्रश्न येणारच. त्याचे लेखी उत्तर हाताशी नसेल, तर काढलेली नोंद चाचणीची होती यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

म्हणून ज्या नोंदी बंद झालेल्या नाहीत, त्या कारण लिहून ‘कॅन्सल्ड’ कराव्यात. कॉन्फ्लिक्टचा त्रास तेवढ्यानेच संपेल. ‘क्लोज्ड’ नोंदी नेहमीच्या मार्गाने रद्द होत नाहीत. त्यांच्यासाठी ‘चाचणी नोंद’ असे एक खरे-खोटे फील्ड जोडून ते अहवालांच्या अटींत वगळावे.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, तरीही डिलीट करणे अटळ ठरले तर तांत्रिक बाजू नीट समजून घ्यावी, कारण चेंज रिक्वेस्ट ही एकटी ओळ नसते. तिच्याखाली चेंज टास्क, मंजुऱ्या, बाधित सीआय (बदलाचा परिणाम होणारे सर्व्हरसारखे घटक) आणि एसएलएच्या (काम ठरलेल्या वेळेत होते का हे मोजणाऱ्या) नोंदी असतात, आणि मुख्य नोंद गेल्यावर त्यांचे काय होणार हे डिक्शनरीतील (फील्डच्या व्याख्यांच्या यादीतील) त्या त्या रेफरन्स फील्डच्या कॅस्केड नियमावर, म्हणजे मुख्य नोंदीबरोबर जोडलेली नोंदही काढायची की ठेवायची या नियमावर, ठरते. सगळ्यात जास्त काळजी इन्सिडेंटची (बिघाडाच्या नोंदींची) घ्यावी. इन्सिडेंटवर ‘चेंज रिक्वेस्ट’ आणि ‘कॉज्ड बाय चेंज’ अशी दोन फील्ड असतात. प्रशिक्षणात कोणी एखाद्या खऱ्या इन्सिडेंटला चाचणीचा चेंज जोडून ठेवला असेल, तर तो दुवा आधी हाताने सोडवावा.

दुसरे म्हणजे, स्क्रिप्ट लवकर संपावी किंवा ईमेल जाऊ नयेत म्हणून अनेक जण स्क्रिप्टमधील सेटवर्कफ्लो या आज्ञेला ‘फॉल्स’ देतात. त्याने बिझनेस रूल (नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड) थांबतात, पण त्याबरोबर प्रणालीची ऑडिट नोंदही थांबते; म्हणजे नोंद परत आणण्याची वाट आणि ती काढल्याचा पुरावा, दोन्ही एकदम जातात. ईमेल रोखायचे असतील तर दुसरा उपाय करा. आधी प्रॉडक्शनचा ताजा क्लोन घेतलेल्या सब-प्रॉड इन्स्टन्सवर (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रणालीवर) हीच स्क्रिप्ट चालवून पाहा, आणि तिला अट न देता तपासून पक्क्या केलेल्या क्रमांकांची यादीच द्या.

उत्तर ३

माझे मत थोडे वेगळे आहे. प्रशिक्षणाच्या नोंदींना कोणी खऱ्या ग्राहकांची माहिती असलेल्या फाइल जोडल्या असतील, तर त्या केवळ रद्द करून ठेवणे पुरेसे नाही. अशा वेळी निदान ती जोडलेली फाइल काढलीच पाहिजे, आणि त्यासाठी माहिती सुरक्षा विभागाची लेखी संमती घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उघड्या नोंदी रद्द करण्याचा आणि बंद नोंदींवर खूण करण्याचा प्रस्ताव मी व्यवस्थापकांपुढे ठेवतो. ग्राहकांची माहिती असलेल्या मोजक्या नोंदी मात्र काढाव्याच लागतील असे दिसते. त्यासाठी वेगळी चेंज रिक्वेस्ट टाकावी का?

उत्तर २

होय, अवश्य टाकावी, आणि ती ‘नॉर्मल’ प्रकारची असावी, म्हणजे कॅबसमोर (बदलांना मंजुरी देणाऱ्या सल्लागार मंडळासमोर) येईल. काढायच्या नोंदींचे क्रमांक, प्रत्येकीचे कारण आणि काढण्यापूर्वीची निर्यात तिला जोडून ठेवा. मात्र त्या निर्यातीतून ग्राहकांची माहिती आधी वगळा, नाहीतर तीच माहिती नव्या नोंदीत येऊन बसेल. काम झाल्यावर ‘डिलीटेड रेकॉर्ड्स’मध्ये तेवढेच क्रमांक दिसतात का ते दुसऱ्या ॲडमिनकडून तपासून घ्या, आणि त्यानंतरच ही चेंज रिक्वेस्ट बंद करा.