प्लेटलेट ३८ हजार, डेंग्यू निगेटिव्ह, मग उतरतायत कशामुळे? (नाशिक, अर्जंट)

निफाडकर_बागवाला
आमचे नाना परवापासून आयसीयूत आहेत. प्लेटलेट सोमवारी १ लाख १० हजार, काल ६४, आज ३८. डेंग्यू दोनदा निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात सेप्सिस आहे, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलंय, प्लेटलेट आत्ता चढवणार नाही. बाहेर बसलेला एकेक पाहुणा विचारतोय, पिशवी का लावत नाहीत? काय सांगू? कुणाला माहीत असेल तर लगेच लिहा.

गोदाकाठ
वय? शुगर? इन्फेक्शन कुठून सुरू झालं? हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय का? एवढं तरी लिहा हो.

अंजू_सिडको
पपईच्या पानांचा रस, दोन-दोन चमचे. माझ्या पुतण्याच्या २२ हजारांवरून लाखावर गेल्या.

लॅबवाला_पंचवटी
ताई, पुतण्याला डेंग्यू होता ना? त्यात बरं होताना त्या आपोआप चढतात. आयसीयूतल्या माणसाला घरचं काही पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर नवं संकट.

बागवाले, मी वीस वर्षं काचपट्टीवर रक्त बघतोय. प्लेटलेट फक्त रक्त गोठवत नाहीत, त्या जंतूंशी लढतातसुद्धा. त्यांच्यावर टीएलआर-४ नावाचे रिसेप्टर असतात, त्यांना काही जंतूंचं विष कळतं. मग त्या न्यूट्रोफिलना, म्हणजे पांढऱ्या पेशींना, जाऊन चिकटतात आणि त्या पेशी स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. जंतू त्यात अडकतात. हे जाळं २००४ साली सापडलं, सेप्सिसमध्ये ते फेकायला प्लेटलेट लावतात हे २००७ साली. पण त्याच जाळ्यावर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, किडनीचं रक्त अडतं, आणि प्लेटलेट तिथेच खर्ची पडतात. नानांचा आकडा त्यामुळेही उतरत असेल. वरून ओतणं म्हणजे गुठळ्यांना आणखी माल पुरवणं.

गोदाकाठ
लॅबवाले, शेवटचं वाक्य असं सरसकट लिहू नका. गरज असते तेव्हा द्याव्याच लागतात. आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा लिनेझोलिड (अँटिबायोटिक) चालू असेल तर त्यानेही उतरतात, ते विचारायला हवं.

लॅबवाला_पंचवटी
मान्य. एक स्मिअरही, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, बघायला सांगा. कधी कधी ट्यूबमध्येच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं.

कॉलेजरोड_७
रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत बसतं का बघा. आम्ही डिस्चार्जच्या दिवशी गेलो, काही उपयोग झाला नाही.

अंजू_सिडको
मी मनापासून सांगितलं होतं. अनुभवाला काही किंमतच नाही का?

निफाडकर_बागवाला
वय ६१. शुगर अकरा वर्षं. द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या वेळी मांडवाच्या तारेचं टोक तळपायात घुसलं, हळद दाबून चार दिवस बागेत चालत होते. मोजा काढला तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा-निळा. रक्त कुठून जात नाही. उद्या सकाळी पू काढायला ऑपरेशन आहे.

गोदाकाठ
अहो, ऑपरेशनचं आधी सांगायचं! रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांखाली, धोका जास्त असेल तर २० हजारांखाली चढवतात. म्हणून आज थांबले असतील. पण ऑपरेशनला साधारण ५० हजार लागतात. आत्ताच डॉक्टरांना विचारा, सकाळची वाट बघू नका. पू निघाल्याशिवाय आकडा सावरणं कठीण, तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलायला सांगू नका. एका एसडीपीने (एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटची पिशवी) एरवी ३० ते ६० हजार वाढतात, सेप्सिसमध्ये त्या तेवढ्या टिकत नाहीत.

निफाडकर_बागवाला
विचारलं. ऑपरेशनच्या आधी एक एसडीपी लावणार, दाता आणा म्हणाले. ओ पॉझिटिव्ह. ओझरहून दोघे चुलतभाऊ निघालेत. थोरल्याने दुपारी डोकेदुखीची गोळी घेतली, चालेल का?

लॅबवाला_पंचवटी
कोणती गोळी? ॲस्पिरिन असेल तर तीन दिवस चालत नाही, त्याच्या प्लेटलेट कामाच्या राहत नाहीत. पॅरासिटामॉल असेल तर रक्तपेढीत सांगून ठेवा. आणि दोघांनी जेवून यायचं, मशीनवर तासाभराहून जास्त बसावं लागतं.

निफाडकर_बागवाला
डिस्प्रिन होती, म्हणजे ॲस्पिरिनच. धाकट्याला आत घेतलंय, सुई लागली. पाहुण्यांना जाळ्याचं सांगितलं, आता कुणी पिशवीचं विचारत नाही.